बोलण्यावरून गाव कळते

(माणूस गाव सोडतो तेव्हा सामानाबरोबर आपली बोलीही नेतो. नव्या गावात ती बोली बदलते आणि नव्या गावाच्या बोलीलाही थोडे बदलते. आपल्या घरातील दक्खनी उर्दू आणि आपल्या गावातील मराठी या दोन्ही बोली अशा प्रवासांतून कशा घडल्या, हे या पाठात सांगितले आहे.)



‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. एक कोस म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. पूर्वी सकाळी बैलगाडीने निघालेला माणूस संध्याकाळी जेथे मुक्काम करी, तेथे त्याला थोडे निराळे बोलणे ऐकू येई. भाषा तीच, पण शब्द वेगळे, हेल वेगळा. हेल म्हणजे बोलताना आवाजात येणारा चढउतार. उर्दूत आपण त्याला लहजा म्हणतो.

एक साधा प्रश्न घ्या. ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न पुण्याकडचा माणूस ‘काय करतोयस?’ असा विचारील. आपल्या लोहारा, उमरगा, औसा या भागात तोच प्रश्न ‘काय करायलास?’ असा ऐकू येतो. नागपूरचा माणूस ‘काय करून राहिला?’ म्हणेल आणि सिंधुदुर्गातील मालवणी माणूस ‘काय करतंस?’ म्हणेल. चौघांचीही भाषा मराठीच. पण प्रश्न पुरता ऐकण्याआधीच विचारणारा कोठला, हे आपल्याला कळते. माणसाने पत्ता सांगितला नाही तरी त्याची बोली तो सांगून टाकते.

असे का होते? नागपूर १९५६ सालापर्यंत मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या एकाच प्रांतात होते. दोन्ही भाषांचे लोक एकाच बाजारात, एकाच कचेरीत शेजारी उभे राहत. म्हणून ‘कर रहा है’ या हिंदी रूपासारखे ‘करून राहिला’ हे रूप तेथील मराठीत रुळले. बोलीतील वेगळेपणाला असे काही ना काही कारण असते. ते कारण बहुधा माणसांच्या येण्याजाण्यात सापडते.

आपला तालुका वाटेवरचा

आता आपल्या भागाकडे पाहू. लोहारा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे नाव २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद होते. थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते. तिकडे आळंद, बसवकल्याण ही गावे. जवळून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि पुढे हैदराबादकडे तेलुगू आणि उर्दू, असा हा शेजार आहे.

१९४८ सालापर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी प्रजा राहत होती, पण सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. मराठी घरातील मुलगा नोकरीसाठी उर्दू शिकत असे. शेजारच्या मुंबई इलाख्यात ज्या अधिकाऱ्याला मामलेदार म्हणत, त्याला आपल्याकडे तहसीलदार म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, गुलबर्गा, बिदर, रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्रात गेला. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत.

नकाशावर रेघ ओढता येते, परंतु बोलीवर ओढता येत नाही. मराठी घरातील ‘अण्णा’, ‘अक्का’ आणि ‘तूप’ हे शब्द कन्नडशी नाते सांगतात. राज्ये वेगळी झाली, तरी त्या शब्दांनी घर बदलले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या पणजोबांच्या काळी मराठी मुलगा दिवा लावून उर्दूची इबारत गिरवत होता. आज उर्दू घरातील तुम्ही मराठीचा धडा वाचत आहात. शेजाऱ्याची भाषा शिकणे ही या मातीत नवी गोष्ट नाही.

दिल्लीहून दौलताबादला

आता आपल्या घरच्या बोलीकडे वळू. आपण घरात जी बोलतो ती दक्खनी उर्दू. ती येथे कोठून आली?

इ.स. १३२७ मध्ये सुलतान मुहंमद बिन तुघलक याने आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि त्या गावाचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीहून अधिकारी, सैनिक, सूफी, कारागीर आणि त्यांची कुटुंबे दक्षिणेकडे आली. पुढे राजधानी पुन्हा दिल्लीला गेली, परंतु कितीतरी माणसे येथेच राहिली. इ.स. १३४७ मध्ये दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले आणि उत्तरेशी असलेला संबंध आणखी कमी झाला. दिल्लीच्या आसपासची जी बोली या लोकांनी बरोबर आणली होती, ती आता मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या शेजारात वाढू लागली. तिचे नाव पडले दक्खनी.

हा सगळा इतिहास आपल्या एका वाक्यात दिसतो. हे वाक्य तुम्ही घरात शेकडो वेळा ऐकले असेल :

‘मेरेकू नक्को, उनोंच ये बातां बोले.’

यातील ‘बातां’ हे रूप पाहा. पुस्तकातील उर्दूत आपण ‘बातें’ लिहितो. पण पंजाबी भाषेत आजही ‘किताबां’ अशी अनेकवचने होतात. म्हणजे ‘बातां’ हा उत्तरेतून निघालेल्या माणसांनी बरोबर आणलेला ठेवा आहे. लखनौ-दिल्लीच्या उर्दूने तो टाकून दिला, आपण जपला.

आता ‘नक्को’ पाहा. हा सरळसरळ मराठीतील ‘नको’ आहे. आणि ‘उनोंच’ मधील ‘च’? मराठीत आपण ‘मीच आलो’, ‘आत्ताच आलो’ असे म्हणतो. शब्दावर जोर देण्यासाठी शेवटी ‘च’ लावतो. तोच ‘च’ दक्खनीत आला : ‘मैंच आया’, ‘अब्बीच आया’. उत्तरेकडील उर्दूत असा ‘च’ नाही. तेथे ‘मैं ही आया’ म्हणतात.

म्हणजे एका छोट्या वाक्यात एक पाऊल उत्तरेचे आहे आणि दोन पावले महाराष्ट्राची आहेत. तुमच्यापैकी अनेकांना वाटते, की मराठी ही आपल्याला पहिल्यापासून शिकावी लागणारी परकी भाषा आहे. मुळीच नाही. मराठी तुमच्या घरात शतकांपासून राहते आहे. तुम्ही आईला ‘नक्को’ म्हणता, तेव्हा मराठीच बोलत असता.

काही लोक दक्खनीला ‘बिघडलेली उर्दू’ म्हणतात. आपण ‘क़लम’ ऐवजी ‘ख़लम’ म्हणतो, म्हणून हसतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. गोवळकोंड्याचा सुलतान मुहंमद कुली कुत्बशाह याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच बोलीत कविता लिहिली. आणि औरंगाबादशी नाते असलेला कवी वली दक्खनी याचा दीवान इ.स. १७२० च्या सुमारास दिल्लीला पोहोचला, तेव्हा तो वाचून दिल्लीचे फारसीत लिहिणारे कवी आपल्या बोलीत गझल लिहिण्याकडे वळले. जी बोली दिल्लीहून दक्षिणेत आली, तीच चारशे वर्षांनी कविता होऊन दिल्लीला परत गेली. तिला बिघडलेली कसे म्हणावे?

शब्दांचेही स्थलांतर होते

माणसांप्रमाणे शब्दही गाव बदलतात. दुकान, बाजार, दरवाजा, कागद, तारीख, वकील, हजर, जमा, खर्च, फक्त हे शब्द तुम्हांला मराठीच्या पुस्तकात भेटतात, तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. हे फारसी-अरबीतून मराठीत आले. मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादला असताना याच विषयाचा अभ्यास केला आणि मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी उर्दूत पुस्तक लिहिले.

परंतु ओळखीचा शब्द कधीकधी फसवतो. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे पहिलवान जेथे कसरत करतात ती जागा, किंवा नाटकाचा सराव. उर्दूत ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेला करार. मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी किंवा पद सोडण्याचे पत्र. समजा, पुढे तुम्ही नोकरीला लागलात आणि साहेबांनी राजीनामा मागितला. ‘राज़ी तो हूँ’ म्हणून सही केलीत तर नोकरी जाईल!

आणखी एक शब्द पाहा : ‘गरीब’. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर असलेला. म्हणून उर्दूत परदेशात राहणाऱ्याला ‘ग़रीब-उल-वतन’ म्हणतात. पुढे उर्दूत आणि मराठीत या शब्दाचा अर्थ ‘निर्धन’ असा झाला. ज्याला गाव सोडावे लागते, तो बहुधा निर्धन असतो. शब्दाने अर्थ बदलला, पण माणसाचे दुःख विसरला नाही.

गाव का सुटते?

आपल्या भागातील माणसे गाव का सोडतात, हे तुम्हांला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याला गेली. त्यातील बरीच परत आली नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या व शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मग पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडावर कोप्या उभ्या राहतात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उन्हाळा लागला की टोळ्या परततात. या पाच-सहा महिन्यांत लहान मुले कधी कोल्हापूरचे मराठी ऐकतात, कधी बेळगावकडचे कन्नड. परत आल्यावर त्यांच्या तोंडी नवे शब्द असतात, आणि वर्गातील मुले त्यांना हसतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आपल्या तालुक्यातील सास्तूर हे गावही उद्ध्वस्त झाले. त्यानंतर कितीतरी गावे जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसली. गल्ल्या बदलल्या, शेजार बदलला. ‘पुनर्वसन’ हा सरकारी शब्द आजीच्या तोंडी बसला. ‘जुनं गाव’ आणि ‘नवं गाव’ हे साधे शब्द या भागात एका रात्रीची आठवण घेऊन बोलले जातात.

आणखी एक स्थलांतर आहे. ते इतके नेहमीचे आहे, की कोणी त्याला स्थलांतर म्हणतच नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. त्यांत सर्वांत मोठी संख्या लग्नानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांची होती. आळंदची मुलगी लोहाऱ्यात सून म्हणून येते. ती तेथील हेल, तेथील भाजीची नावे, तेथील अंगाईगीत घेऊन येते. सासरी कोणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल करते. ती हळूहळू बोली बदलते. तरी माहेरी गेली, की एका दिवसात तिची जुनी बोली परत येते. तुमच्या आईला माहेरी बोलताना नीट ऐका.

मूल कोणासारखे बोलते?

मग मूल कोणासारखे बोलते? आईसारखे की गावासारखे? या प्रश्नाचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञांनी केला आहे. इंग्लंडमध्ये १९६७ साली मिल्टन कीन्स हे नवे शहर वसवण्याचे ठरले. निरनिराळ्या भागांतून कुटुंबे तेथे राहायला आली. प्रत्येक घरात वेगळा हेल होता. १९९० च्या दशकात पॉल केर्सविल आणि ॲन विल्यम्स या अभ्यासकांनी तेथील ४, ८ आणि १२ वर्षांच्या मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. चार वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात आईचा हेल बराच आढळला. मोठी मुले मात्र आईवडिलांपासून दूर सरकून एकमेकांसारखी बोलू लागली होती. नव्या शहराची नवी बोली खेळाच्या मैदानावर तयार होत होती.

पुण्या-मुंबईत गेलेल्या आपल्या नातेवाइकांच्या घरी तुम्ही हेच पाहिले असेल. आई ‘काय करायलास?’ विचारते आणि मुलगा ‘अभ्यास करतोय’ असे उत्तर देतो. मुलगा काही आईला विसरला नाही. तो आपल्या मित्रांमध्ये मिसळला आहे.

याउलट, कधीकधी दूर गेलेली माणसे मायभूमीहून अधिक जुनी बोली जपतात. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी इ.स. १६७५ च्या सुमारास तमिळ प्रदेशात तंजावर येथे राज्य स्थापन केले. ते राज्य १८५५ सालापर्यंत टिकले. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळातील लांबलचक मराठी शिलालेख आहे. त्यांच्याबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. त्या मराठीत तमिळ शब्द मिसळले आहेत, आणि महाराष्ट्रात मागे पडलेली काही जुनी रूपेही तिच्यात टिकून आहेत. दक्खनीने ‘बातां’ जपले, तसेच हे आहे.

हसण्याने काय होते?

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या शाळेतील मुले मराठीच्या तासाला गप्प का बसतात? त्यांना उत्तर येत नाही असे नाही. ‘शाळा’ म्हणताना ‘शाला’ येईल, ‘पाणी’ म्हणताना ‘पानी’ येईल आणि कोणी हसेल, ही भीती असते. हीच मुले उद्या बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात गप्प उभी राहतात. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतात. दुखणे नीट सांगता आले नाही, म्हणून चुकीचे औषध घेऊन परततात. एका हसण्याची किंमत इतकी मोठी होऊ शकते.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी समजून घ्या.

पहिली : कोणतीही बोली अशुद्ध नसते. आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो, तीही मुळात एका भागाची, मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली होती. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, शाळा आल्या. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पुस्तकांमुळे ती बोली सर्वांच्या ओळखीची झाली. प्रमाण भाषा म्हणजे वेगवेगळ्या गावांच्या लोकांनी भेटायला ठरवलेला चौक. चौकात सर्वांनी यावे. पण चौकात जाण्यासाठी कोणाला आपले घर पाडावे लागत नाही.

दुसरी : चौकात यायचेच असेल तर तेथील वाट नीट शिकली पाहिजे. उर्दू लिपीत ‘ळ’ आणि ‘ण’ यांसाठी अक्षरे नाहीत. म्हणून आपली जीभ त्यांना टाळते. मराठीत मात्र एका अक्षराने अर्थ बदलतो. ‘काल’ म्हणजे गेलेला दिवस आणि ‘काळ’ म्हणजे समय. ‘वेल’ मांडवावर चढते आणि ‘वेळ’ घड्याळात दिसते. ‘खूण’ म्हणजे निशाण आणि ‘खून’ म्हणजे हत्या! दाराला खूण केली म्हणायच्या ऐवजी खून केला म्हटले, तर शेजारी घाबरून जातील. मराठीत ‘च’ ही दोन प्रकारचा आहे. ‘चिमणी’ मधला वेगळा आणि ‘चाक’ मधला वेगळा.

यात अवघड काहीच नाही. तुम्ही मकतबात मखरज शिकलेले आहात. ‘क़ाफ़’ कंठातून आणि ‘काफ़’ त्याच्या थोडा पुढून, हे उस्तादांनी तुमच्याकडून घटवून घेतले आहे. ज्या जिभेला ‘ऐन’ आणि ‘हे’ यांची जागा सापडली, तिला ‘ळ’ ची जागा सापडणार नाही का? जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा. रोज दहा शब्द मोठ्याने वाचा. आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐका. वर्गात चुकीचे बोललात तरी बोला.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. तेथे उन्हाळ्यात शहरी पाहुण्यांची गर्दी होते. विल्यम लबॉव या भाषाशास्त्रज्ञाने तेथील लोकांच्या उच्चारांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. ज्यांना बेटाविषयी माया होती आणि तेथेच राहायचे होते, त्यांच्या बोलण्यात बेटाचा जुना उच्चार ठळक होता. ज्यांचे मन बेटावर रमत नव्हते, त्यांच्या बोलण्यात तो फिका होता. माणूस आपल्या बोलीतून नुसता अर्थ सांगत नाही, ‘मी कोणाचा’ हेही सांगतो.

तुम्ही कोणाचे आहात? घरात ‘नक्को’ म्हणणाऱ्या आजीचे आहात. ‘काय करायलास?’ विचारणाऱ्या शेजाऱ्याचे आहात. आणि ज्या राज्यात राहता, त्या राज्याच्या भाषेचेही आहात. अर्ज लिहिताना, मुलाखतीत, परीक्षेत प्रमाण मराठी बोला आणि लिहा. घरी दक्खनी बोला, शेतात गावचे मराठी बोला. ज्याला तीन ठिकाणी तीन तऱ्हेने बोलता येते, तो तीन ठिकाणी आपला ठरतो.

आणि तुमच्या वर्गात एखादी ऊसतोड करून परतलेल्या घरची मुलगी वेगळ्या हेलात बोलली, तर हसू नका. तिला विचारा, ‘हा शब्द तू कोठून आणलास?’ ती जे सांगेल, तो भूगोलाचाही धडा असेल आणि इतिहासाचाही.

शब्दार्थ (उर्दू अर्थासह)

हेल – लहजा
स्थलांतर – नक़्ल-ए-मकानी, हिजरत
बोली – मक़ामी ज़बान
प्रमाण भाषा – मेयारी ज़बान
हद्द – सरहद
अनेकवचन – जमा
निर्धन – मुफ़्लिस
वंशज – औलाद, नस्ल
उचल – पेशगी
कोपी – ऊसतोड कामगारांची झोपडी
फड – ऊसतोडीची जागा
उद्ध्वस्त – तबाह
पुनर्वसन – दोबारा आबादकारी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक कोस म्हणजे सुमारे किती किलोमीटर?
(आ) हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाजाची भाषा कोणती होती?
(इ) दक्खनीतील ‘च’ कोणत्या भाषेतून आला?
(ई) ‘ग़रीब’ या शब्दाचा अरबीतील अर्थ कोणता?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) मुहंमद बिन तुघलकाने इ.स. ......... मध्ये राजधानी देवगिरीला आणली.
(आ) दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण ......... साली प्रसिद्ध झाले.
(इ) ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक ......... मोजला जातो.

प्र. ३. पुढील शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा.
तालीम, खुलासा, राजीनामा.

प्र. ४. पुढील जोड्यांतील शब्द मोठ्याने वाचा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
काल – काळ, वेल – वेळ, खून – खूण.

प्र. ५. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘मेरेकू नक्को, उनोंच ये बातां बोले’ या वाक्यात कोणकोणत्या प्रवासाच्या खुणा आहेत?
(आ) मिल्टन कीन्स येथील अभ्यासातून काय दिसून आले?
(इ) प्रमाण भाषेला चौक का म्हटले आहे?

उपक्रम : आपली आई, आजी किंवा वहिनी यांचे माहेर कोणते ते विचारा. माहेरी वापरला जाणारा, पण तुमच्या गावात न वापरला जाणारा एकेक शब्द त्यांच्याकडून मिळवा. वर्गातील सर्वांचे शब्द एकत्र करून ‘शब्द, गाव, अर्थ’ असा तक्ता तयार करा आणि तो वर्गात लावा.